गुणगुणणाऱ्या गिटारची निवड

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजन समितीने मला फोन करून सांगितलं, "तू एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या तुकडीत सात-आठजण तरी आहेत आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज बोलतातच. मी गिटारवर बोलते. फोनच्या पलीकडे जरा शांतता पसरली. मग "बरं, पंधरा मिनिटं" असा निकाल आला.

तर विषय असा. सर्फ म्युझिक नावाचा एक संगीतप्रकार आहे. तो वाजवायचा तर इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यायची, आणि तिच्यात पिकअप कोणते असावेत? ऐकायला हा प्रश्न अगदी किरकोळ वाटतो. मला तो दीड वर्ष पुरला. त्याचं कारण माझा डावा हात. वीस वर्षं कीबोर्ड बडवून मनगटाच्या टेंडनला सूज धरली होती. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, "सलग वीस मिनिटांच्या वर काही वाजवायचं नाही, आणि तारा दाबायला जोर लागता कामा नये." गिटार चुकीची घेतली तर पैसे जातात, ते एक वेळ चालेल. हात गेला तर नोकरी जाते, आणि घराचे हप्ते अजून चालू आहेत.

आता हे सर्फ म्युझिक म्हणजे काय ते सांगते. १९६० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांचं हे संगीत. बीच बॉइज गात असत, पण मी म्हणते आहे ते बिनगाण्याचं, नुसत्या गिटारचं. त्याचा राजा डिक डेल. १९६१ साली बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूम या नाचघरात तो वाजवायचा आणि पोरांची झुंबड उडायची. व्हेंचर्स या बँडचं 'वॉक, डोन्ट रन' १९६० चं. शँटेजचं 'पाइपलाइन', सर्फॅरिजचं 'वाइपआउट' ही त्यानंतरची. मग बीटल्स आले आणि दोन-तीन वर्षांत हे सगळं मागे पडलं. १९९४ साली, म्हणजे आपण इथे दहावीच्या जादा तासांना बसत होतो तेव्हा, 'पल्प फिक्शन' हा सिनेमा आला. त्याच्या सुरुवातीला डिक डेलचं 'मिसिरलू' वाजलं आणि जगाला हे संगीत पुन्हा आठवलं. मी ते इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ऐकलं. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी ब्लॅक आइड पीजचं 'पंप इट' ऐकलं असेल, त्यातही तीच गिटार आहे.

आणि "हे सगळं परदेशी, आपल्याला काय त्याचं" असं ज्यांना वाटतंय त्यांनी १९६५ चा 'गुमनाम' आठवावा. शंकर-जयकिशन, रफीसाहेब, आणि पडद्यावर मुखवटे घातलेले नाचणारे. 'जान पहचान हो'मधली ती टणटणीत गिटार याच गोतावळ्यातली.

'मिसिरलू'ची गंमत संगीताच्या बाईंसाठी मुद्दाम सांगते. ही मुळात पूर्व भूमध्य समुद्राकाठची जुनी चाल. डिक डेलचे वडील लेबनीज वंशाचे, त्यामुळे ती त्याच्या घरातच होती. तिचे मुख्य स्वर मांडून पाहिले तर सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. बाई हसताहेत. होय बाई, भैरवाचेच स्वर. राग नव्हे, हे मान्य. आंदोलन नाही, चलन नाही, आणि वेग असा की भैरवाने कानाला हात लावावा. पण दर शनिवारी सकाळच्या प्रार्थनेत पेटीवर जे स्वर कानावर पडले, तेच सहा हजार कोसांवरच्या नाचघरात वाजत होते, हे कळल्यावर मला ही चाल परकी वाटेना.

आता गिटारच्या पोटात शिरू. विज्ञानाच्या बाईंनी दाखवलेला एक प्रयोग आठवतोय? तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर, आणि आत-बाहेर होणारा पट्टीचुंबक. चुंबक हलला की काटा हलतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे हाच प्रयोग, फक्त एक बदल करून. इथे चुंबकही जागेवर असतो आणि वेटोळंही. हलते ती वरची तार. तार पोलादाची असल्याने खालच्या चुंबकामुळे तीही चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर इलेक्ट्रिक गिटार मुकी.

हे वेटोळं केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं असतं आणि त्याला सात-आठ हजार वेढे असतात. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो. मग वाढवायचेच, असं कुणालाही वाटेल. पण वेढे वाढले की वेटोळ्याचा इंडक्टन्स वाढतो आणि वरच्या पट्टीतले स्वनांश, ती सगळी चकाकी, कापली जाते. आवाज मोठा आणि मऊ होतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एका वाक्यात सांगायचं तर रेझोनन्सचं शिखर खाली सरकतं.

गिटारच्या दुकानांत सर्रास दिसतो तो हंबकर. दोन वेटोळी उलट-सुलट जोडलेली, त्यामुळे विजेची गुणगुण एकमेकांत मारली जाते. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हे काढलं आणि काम झकास आहे. मात्र दोन वेटोळी म्हणजे एकूण वेढे जास्त, शिवाय तो तारेचा जास्त रुंद तुकडा ऐकतो. जाड, भरदार, दीर्घ आवाज. रॉकला उत्तम, आणि सर्फला नेमका नको तो.

का नको? कारण सर्फचा निम्मा आवाज गिटारमध्ये नसतोच, तो स्प्रिंगमध्ये असतो. लिओ फेंडर यांनी १९६१ साली रिव्हर्बची वेगळी पेटी विकायला काढली. आत लांब, नाजूक स्प्रिंगा. ही कल्पना हॅमंड ऑर्गनकडून आलेली. गिटारचा सिग्नल स्प्रिंगच्या एका टोकाला जातो, थरथरत दुसऱ्या टोकाला पोचतो, परत फिरतो, पुन्हा येतो. रिकाम्या विहिरीत हाक मारल्यासारखं. तळहाताने तारा दाबून एकच कोरडा ठोका दिला की पन्हळीतून थेंब पडल्यासारखा 'टिप्' असा आवाज येतो. सर्फवाले त्याला 'ड्रिप' म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. वाजत असताना पेटीला लाथ मारली तर ढग गडगडतात. माझ्या मुलीचा तो आवडता भाग.

आता विचार करा. सेकंदाला दहा-बारा ठोके या वेगाने एकाच तारेवर पिक वर-खाली चालवायची आणि प्रत्येक ठोक्याला विहिरीतला प्रतिध्वनी. ठोक्याची कड धारदार नसेल तर सगळ्याचा लगदा होतो. खिचडी खावी मऊ, पण सर्फ असावं मोकळ्या भातासारखं, शीत न् शीत सुटं. म्हणून कमी वेढ्यांचा, एकाच वेटोळ्याचा पिकअप हवा, आणि ॲम्प्लिफायर असा हवा जो आवाज फाटू देत नाही. माझं पहिलं मत इथे ठरलं आणि नंतर कधी हललं नाही: ताकदीचे पिकअप या कामाला नकोत, कोणी कितीही आग्रह केला तरी.

२०१८ साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला पाठवलं. योगायोग म्हणा, ही सगळी भूमी तिथून मोटारीच्या अंतरावर. बाल्बोआ जवळच, तिथलं ते नाचघर १९६६ साली जळालं. फुलर्टन, जिथे लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेही त्याच काउंटीत. हिशेबनिसाचं शिक्षण घेतलेला हा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. वाजवणाऱ्यांचं ऐकायचा, मोडून पुन्हा करायचा. वापरणाऱ्याचं ऐकून घेणारा असा इंजिनिअर मला आमच्या धंद्यातही फार भेटला नाही. मार्च २०१९ मध्ये डिक डेल गेला तेव्हा मी तिथेच होते. प्रत्यक्ष ऐकायचं मात्र राहिलं.

तिथे दर शनिवारी जुन्या गिटारींच्या एका दुकानात जाऊन बसायचे. दुकानदाराने पहिल्या दिवशी हंबकरवाली एक सर्वगुणसंपन्न गिटार हातात दिली. स्थळ चांगलं होतं, पण पत्रिका जुळत नव्हती. मी माझी चाचणी ठरवली होती: ॲम्प स्वच्छ ठेवायचा, रिव्हर्ब पूर्ण उघडायचा, तळहात घोडीजवळ टेकवून जाड तारेवर जोरात पिक चालवायची, आणि डोळे मिटून ठोके मोजता येतात का ते पाहायचं. पाच मिनिटांत निकाल लागतो. त्या चाचणीत शेवटी चार गिटारी उरल्या.

पहिली स्ट्रॅटोकास्टर, १९५४ पासूनची. तीन पिकअप, उंच अरुंद वेटोळी, आवाज काचेसारखा. डिक डेल हीच वाजवायचा. तो डावखुरा. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरायचा, म्हणजे जाड तार खाली. त्याची सर्वांत बारीक तारसुद्धा १६ नंबरची, म्हणजे १६ हजारांश इंच जाडीची. आज दुकानात मिळणाऱ्या गिटारवर ती ९ किंवा १० ची असते. जाड तारेला ठोक्याचं वजन येतं. पण तशी तार ताणून बसवायची तर बोटं पोलादाची हवीत, आणि माझ्या बोटांची हकीकत तुम्हाला सांगितलीच.

दुसरी जॅझमास्टर, १९५८ ची. नावाप्रमाणे जॅझवाल्यांसाठी केली, त्यांनी फारशी मनावर घेतली नाही, आणि सर्फच्या पोरांनी उचलली. हिची वेटोळी थालिपिठासारखी पसरट. आवाज स्ट्रॅटपेक्षा गोल, उबदार, तरी ठोका सुटा. नुसत्या आवाजावर गुण द्यायचे तर मी हिलाच पहिला नंबर देईन, आजही. तिसरी मॉसराइट, व्हेंचर्सवाल्यांची. मान अगदी बारीक, माझ्या हाताला फार सुखाची. पण पिकअप ताकदीचे आणि जुन्या मॉसराइटची किंमत विचारल्यावर मी ती अलगद खुंटीवर परत ठेवली.

चौथी जॅग्वार, १९६२ ची. हिचे पिकअप स्ट्रॅटच्या जवळचे, पण प्रत्येकाभोवती दातेरी पोलादी पट्टी बसवलेली. चुंबकीय क्षेत्र आवरून धरायला आणि गुणगुण थोडी कमी करायला. आवाज तिखट. आणि बटणं किती! प्रत्येक पिकअपला वेगळं, खर्ज कापायला एक, शिवाय वरच्या बाजूला वेगळंच सर्किट. कुणीतरी कधीतरी मागितलेलं प्रत्येक फीचर आत घातलेलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले असलं काम लगेच ओळखतो.

पण जॅग्वारची खरी गोष्ट तिच्या लांबीत आहे. स्ट्रॅट आणि जॅझमास्टरची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत साडेपंचवीस इंच. जॅग्वारची चोवीस. दीड इंचाने काय होतं? जे पुढे सायन्सला गेले त्यांनी सोनोमीटर आठवा. तार तीच, स्वर तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २४ भागिले २५.५, त्याचा वर्ग, साधारण ०.८९. म्हणजे ताण ११ टक्क्यांनी कमी. मी दुकानातच फोनवर हिशेब केला. स्ट्रॅटवर १२ नंबरच्या पहिल्या तारेचा ताण साधारण साडेदहा किलो येतो, जॅग्वारवर तीच तार सव्वानऊ-साडेनऊ किलोवर स्वराला लागते. स्ट्रॅटवरच्या ११ नंबरच्या तारेच्या जवळपास. म्हणजे मला हवी ती जाड तार, आणि हाताला एक नंबर खालची मेहनत. शिवाय पडदे जवळजवळ, त्यामुळे करंगळी ताणावी लागत नाही.

हिशेब कागदावर सुटला तरी हाताला विचारायचं होतं. दोन्ही गिटारींना सारख्याच १२ च्या तारा लावून द्यायची दुकानदाराने तयारी दाखवली, भला माणूस. आठ शनिवार मी एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर वीस-वीस मिनिटं वाजवलं, मध्ये तासभर विश्रांती. जॅझमास्टरच्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप धरताना मनगट बोलायचं. जॅग्वारच्या दिवशी गप्प असायचं. आवाजात जॅझमास्टर पुढे, हे मला रोज ऐकू येत होतं. घेतली जॅग्वार. जुनी, खऱ्या साठच्या दशकातली नव्हे हं, ती घ्यायला फ्लॅट विकावा लागेल. अलीकडची, एका हातातून वापरलेली.

या गिटारबद्दल एक तक्रार सर्रास ऐकू येते: तारा घोडीवरून निसटतात, किणकिण करतात, म्हणजे डिझाइनच वाईट. तारखा पाहा. ती घोडी आखली तेव्हा लोक जाड, चपट्या पट्टीने मढवलेल्या तारा लावत. पुढे सगळे बारीक तारांवर गेले आणि घोडीवर दाब पुरेना. गरज बदलली आणि दोष जुन्या कामाला लागला. १२ ची चपटी तार लावा, मानेच्या खोबणीत कार्डाची पातळ पाचर घालून मान किंचित कलती करा, घोडी मुकाट काम करते. पिकअप मात्र तारांच्या फार जवळ चढवू नका. चुंबक तार ओढून धरतो आणि स्वर डगमगतो.

राहिली गुणगुण. एकवेटोळी पिकअप म्हणजे अँटेनाच, घरातली सगळी वीज त्यात ऐकू येते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिची गुणगुण पाश्चात्त्य स्वरांत बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लटकते, कशातच बसत नाही. आपली ५० हर्ट्झची, ती जीच्या किंचित वर. पुण्याला परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपला महावितरणचा तानपुरा जवळपास सुरात आहे! तिथला ॲम्प मी तिथेच विकला. त्याला स्टेपडाउन लागला असता, आणि ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. इथे २३० व्होल्टचा, स्प्रिंग रिव्हर्बवाला घेतला. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नीट करून घेतलं. हे मात्र गमतीने घेऊ नका, व्हॉल्व्हचा ॲम्प आणि हातात धातूच्या तारा असताना अर्थिंग हवंच. माझ्या गिटारचे दोन्ही पिकअप एकत्र लावले की त्यांची वेटोळी उलट असल्याने गुणगुण मरते. एकटा घोडीजवळचा लावायचा असेल तेव्हा मी खुर्ची फिरवत बसते, एका दिशेला आवाज सर्वांत कमी येतो, आमच्याकडे ती दिशा स्वयंपाकघराची आहे. सासूबाई पहिल्यांदा बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, मिक्सर चालू राहिलाय का?"

फिजिओथेरपीच्या बाईंनी गेल्या वर्षी वीसची तीस मिनिटं केली.

आज रात्री जेवणं झाल्यावर सभागृहात 'मिसिरलू' वाजवणार आहे, तीन मिनिटांचं आहे, घाबरू नका. नववीत मागच्या बाकावर जो दिवसभर कहरवा वाजवून सरांचा मार खायचा, तो तबल्यावर साथीला आहे. काल फोनवर तालीम झाली. त्याला वेग झेपेल, मला झेपेल का ते बघू. बाईंनी पुढच्या रांगेत बसावं आणि कोमल रे नीट लागतोय का ते सांगावं. आणि ज्याच्याकडे सभागृहाच्या दिव्यांचं काम आहे त्याला विनंती, तेवढी तीन मिनिटं स्टेजवरच्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट बंद ठेव रे. त्या पिकअपमध्ये फार बोलतात.